मदत हवी आहे: चॉकलेट अगरवर हिमोफिलस येतच नाही, ३१ सॅम्पल वाया गेली (कोल्हापूर)

थुंकीवाली_कोल्हापूर
नमस्कार मंडळी. एमएस्सी मायक्रोचं शेवटचं सेमिस्टर चालू आहे. प्रोजेक्ट हिमोफिलस इन्फ्लुएन्झी या जंतूवर घेतलाय, सीओपीडीच्या (फुफ्फुसाचा जुनाट दम लागायचा आजार) पेशंटच्या थुंकीतून काढायचा आणि त्यातले अँपिसिलिनला रेझिस्टंट किती ते बघायचं, एवढंच. ३१ सॅम्पल लावली, हिमोफिलस शून्य. चॉकलेट अगर (गरम अगरमध्ये रक्त घालून केलेला, जंतू वाढवायचा मीडिया) मी स्वतः बनवतो, ३७ डिग्रीला ४८ तास ठेवतो, सगळं पुस्तकात दिलंय तसंच. क्लेबसिएला येतो, स्टॅफ येतो, न्यूमोकोकस पण आला दोनदा, हा एक येत नाही. गाईड म्हणतात विषय बदल. सोमवारनंतरच्या सोमवारी प्रेझेंटेशन आहे. कुणी हे काम केलं असेल तर पटकन सांगा. गुगल कर म्हणू नका, केलंय.

पेठेतला_काका
इन्फ्लुएन्झा म्हणजे फ्लूच ना? मग तो व्हायरस, प्लेटवर कसा येईल? त्याला पीसीआर लागतं. पोरांना मूलभूत गोष्टीच शिकवत नाहीत हल्ली.

जुना_लॅबवाला
काका, नाव फसवं आहे. हा बॅक्टेरिया आहे. १८९२ साली फायफर नावाच्या जर्मन माणसाला फ्लूच्या साथीत पेशंटच्या थुंकीत सापडला म्हणून त्याला वाटलं हाच फ्लू करतो. खरा व्हायरस १९३३ ला सापडला, तोवर नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता बाई/दादा जे असाल ते, रक्त कुठलं वापरता? सीओटू देता का? पेशंट खोकल्यापासून सॅम्पल प्लेटवर जाईपर्यंत किती वेळ जातो? यातलं काहीच लिहिलेलं नाही. आमटी बिघडली म्हणायचं आणि मीठ किती घातलं ते सांगायचं नाही असं झालं हे.

पुणेरी_खोकला
दादा सोपं आहे, रेडिमेड प्लेट्स घ्या, प्रश्न संपला. महाग नाहीत.

थुंकीवाली_कोल्हापूर
@पुणेरी_खोकला दादा नाही, मुलगी आहे. कोल्हापूरच्या मुली असंच बोलतात, मी जातो मी येतो. आणि रेडिमेडला बजेट नाही, आमच्याकडे फक्त ब्लड अगर रेडिमेड येतं, मेंढीच्या रक्ताचं.
@जुना_लॅबवाला रक्त ब्लड बँकेतलं, एक्स्पायर झालेली बॅग, फुकट मिळते. सीओटू नाही, साधा इन्क्युबेटर. सॅम्पल सकाळी ओपीडीतून गोळा करतो, दुपारी लेक्चर असतात त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी लावतो. फ्रिजमध्ये ठेवतो ना, उघड्यावर नाही ठेवत.

मायक्रो_एमडी_सांगली
फ्रिज!!! ताई, ३१ वेळा त्याला मारून मग शोधत बसलीस तू. हिमोफिलसला थंडी अजिबात सोसत नाही. सीएसएफसुद्धा (मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी) म्हणूनच फ्रिजमध्ये ठेवायचं नसतं, मेनिन्जायटिसच्या बाळाचं सॅम्पल वॉर्डात कुणी "जपून" फ्रिजला ठेवलं की कल्चर निगेटिव्ह येतं आणि सगळे एकमेकांकडे बघत बसतात. थुंकी दोन तासांत लावायची, लेक्चर बुडव. क्लेबसिएला फ्रिजमध्ये मजेत राहतो, म्हणून तुला तोच दिसतोय.

आणि माणसाचं रक्त मीडियात घालू नये. त्यात अँटिबॉडी असू शकतात, डोनरने काही औषध घेतलेलं असलं तर तेही, बॅगेत सायट्रेट असतं, शिवाय हाताळणाऱ्याला धोका तो वेगळा.

जुना_लॅबवाला
एमडी साहेब बरोबर बोलले पण सगळं फ्रिजवर ढकलू नका. मी मिरजेला ३४ वर्षं बेंचवर काढली आहेत. ताई, रक्त अगरमध्ये टाकता तेव्हा अगर किती गरम असतं?

थुंकीवाली_कोल्हापूर
ऑटोक्लेव्हमधून (लॅबचा प्रेशर कुकर) काढल्या काढल्या टाकतो, मस्त लगेच चॉकलेटी होतं.

जुना_लॅबवाला
झालं. सापडलं. या जंतूला दोन गोष्टी लागतात, एक्स फॅक्टर म्हणजे हिमिन आणि व्ही फॅक्टर म्हणजे एनएडी. एक्स उष्णता सोसतो, व्ही सोसत नाही. साधारण ८० डिग्रीला रक्त घातलं की लाल पेशी फुटून व्ही बाहेर येतो आणि त्याला खाऊन टाकणारं रक्तातलं एन्झाइमही मरतं, म्हणून तर चॉकलेट अगर करायचं. तू उकळत्यात टाकतेस म्हणजे एन्झाइमबरोबर व्हीपण गेला. थर्मामीटर धरून ७५ ते ८० ला घाल, दहा मिनिटं हळूहळू फिरवत राहा. बाहेरून चॉकलेटी दिसतं म्हणून आतून बरोबर असतंच असं नाही.

सीओटूला पैसे नसले तर कँडल जार. मोठी काचेची बरणी, पांढरी साधी मेणबत्ती, झाकणाला ग्रीस. मेणबत्ती विझली की ३ टक्क्यांच्या आसपास सीओटू राहतो आणि ओलावा पण राहतो. रंगीत वासाची मेणबत्ती नको.

मायक्रो_एमडी_सांगली
कँडल जार आता कोण वापरतं? ५ ते १० टक्के पाहिजे, गॅस पॅक घ्या.

जुना_लॅबवाला
गॅस पॅक नव्हते तेव्हा काय हिमोफिलस यायचा नाही का हो? ढिगानं यायचा.

रंकाळ्याचा_पक्या
मी तर विचार करतोय रक्तासाठी बॅग कशाला पाहिजे, आपल्या कोल्हापुरात पहाटे मटणाच्या दुकानात जायचं की. आमची आई रक्ती करते ते रक्त तिथलंच.

जुना_लॅबवाला
हसू नका, आम्ही खाटकाकडनंच आणायचो. फ्लास्कमध्ये काचेचे मणी, पोलीसपाटलासारखं बाजूला उभं राहून दहा मिनिटं हलवत राहायचं, गुठळी मण्यांना चिकटते, उरलेलं रक्त गोठत नाही. डिफायब्रिनेटेड म्हणतात ते हेच.

मायक्रो_एमडी_सांगली
आणि त्यात खाटकाच्या सुरीवरचे सगळे जंतू फुकट. नको. प्राण्यांच्या रक्तासाठी परवानगी असलेल्या अॅनिमल हाऊसमधून स्टराइल घ्या नाहीतर विकत बाटली मिळते.

रंकाळ्याचा_पक्या
रक्तीत कांदा लई पाहिजे आणि शेवटी लिंबू. तव्यावर, कढईत नाही.

सासने_ग्राउंडची_सून
तवा म्हणजे लोखंडीच. पक्या भावा बरोबर. आमच्याकडं कोथिंबीर पण घालतात वरून.

थुंकीवाली_कोल्हापूर
माझा धागा आहे हो हा. 🙏

शिरोलीकर
ताई तुमच्या विषयावरच विचारतो. आमचे आबा फाउंड्रीत ३० वर्षं मोल्डिंगला होते, आता दर थंडीत खोकला वाढतो, हिरवा बेडका, दम लागतो. डॉक्टर अमॉक्सिसिलिन देतात, दरवेळी उपयोग होत नाही. हा तोच जंतू असेल का? आणि लहान मुलांना पेंटाव्हॅलंट लस देतात त्यात हिमोफिलस असतो म्हणे, मग आबांनाही दिली तर चालेल का?

पुणेरी_खोकला
नक्की द्या, लस कधीही वाईट नसते.

मायक्रो_एमडी_सांगली
नक्की देऊ नका असं मी म्हणेन, नीट वाचा. पेंटाव्हॅलंटमधली लस टाइप बी ची, म्हणजे हिब. त्याच्याभोवती साखरेचं कवच असतं, लस त्या कवचाविरुद्ध तयार केलेली. हिब बाळांच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणतो, न्यूमोनिया आणतो, म्हणून ६, १० आणि १४ आठवड्यांना डोस. भारतात डिसेंबर २०११ ला केरळ आणि तामिळनाडूपासून सुरू झाली, नंतर सगळीकडे. आबांच्या छातीत जो असतो तो बहुतेक बिनकवचाचा, नॉन टायपेबल. कवचच नाही तर लस पकडणार काय?

अमॉक्सिसिलिनचं म्हणाल तर यातले काही जंतू बीटा लॅक्टमेझ बनवतात आणि औषध तोडून टाकतात, त्यावर क्लॅव्ह्युलॅनेट जोडून देतात. पण काहींनी औषध जिथं चिकटतं ती जागाच बदललेली असते, तिथं क्लॅव्ह्युलॅनेटचाही उपयोग नाही. म्हणून घरी गोळ्या बदलत बसू नका, आबांना छातीच्या डॉक्टरला दाखवा, फाउंड्रीत होते हे आवर्जून सांगा, वाळूच्या धुळीचा सिलिकोसिस वेगळा असतो आणि तो एक्सरेत बघावा लागतो.

शिरोलीकर
फाउंड्रीचं कुणी विचारलंच नव्हतं आजवर. धन्यवाद डॉक्टर.

हिंडथ्री_प्रेमी
एक गंमत सांगतो कुणाला माहिती नसेल. बायोटेकवाल्यांच्या फ्रीझरमध्ये हिंडथ्री नावाचं डीएनए कापणारं एन्झाइम असतं ते याच जंतूचं. हॅमिल्टन स्मिथ यांना १९७८ चं नोबेल मिळालं ते याच्या भावाबद्दल, हिंडटू. आणि १९९५ ला स्वतंत्र जगणाऱ्या जिवाचा पहिला संपूर्ण जीनोम वाचला गेला तोही याचाच, साधारण १८ लाख ३० हजार अक्षरं. माणसाच्या आधी, यीस्टच्या आधी, ई कोलायच्याही आधी. फ्लेमिंगने १९२९ ला पेनिसिलिनचा जो पेपर लिहिला त्याच्या शीर्षकातही हाच होता, बुरशीचा रस प्लेटवर घालून बाकीचे जंतू दाबायचे आणि हा वेगळा काढायचा म्हणून. म्हणजे जगाला औषध मिळायच्या आधी फायफरच्या जंतूला प्लेट मोकळी मिळाली.

थुंकीवाली_कोल्हापूर
मला इतिहास नको हो, प्लेट पाहिजे.

जुना_लॅबवाला
अगं त्यात तुझंच उत्तर आहे. थुंकीत घशातली सगळी जत्रा असते, तीच आधी वाढते. म्हणून चॉकलेट अगरमध्ये बॅसिट्रॅसिन हे अँटिबायोटिक घालायचं, नाहीतर नुसती बॅसिट्रॅसिनची डिस्क ठेवून तिच्याभोवती बघायचं. फ्लेमिंगचीच आयडिया, औषध दुसरं.

मायक्रो_एमडी_सांगली
आणि ग्रॅम स्टेन (रंगवून मायक्रोस्कोपखाली बघणं) करतेस का आधी? लो पॉवरमध्ये स्क्वेमस पेशी (तोंडातल्या) १० पेक्षा कमी आणि पस सेल्स २५ पेक्षा जास्त, तरच ती थुंकी, नाहीतर नुसती लाळ. पेशंटला सकाळी चूळ भरायला लावून खोलून खोकायला सांग. सॅफ्रॅनिन या नेहमीच्या रंगाने हा फिका दिसतो, काउंटरस्टेन (शेवटचा रंग) म्हणून पातळ कार्बोल फुक्सिन वापर.

अजून एक विचारतो, रागावू नकोस. कंट्रोल लावला होतास का, म्हणजे नक्की हिमोफिलस असलेला ओळखीचा स्ट्रेन? एटीसीसी १०२११?

थुंकीवाली_कोल्हापूर
नाही. गाईडनी सांगितलं नव्हतं.

मायक्रो_एमडी_सांगली
मग ३१ शून्यांचा अर्थ शून्य. पेशंटमध्ये नव्हता की तुझ्या प्लेटवर वाढूच शकत नव्हता हे कसं कळणार? रेझिस्टन्सचं तर फार पुढचं. विषय बदलायची गरज नाही, पद्धत बदल. आमच्याकडे स्ट्रेन आहे, गाईडचं पत्र आणि नीट तिहेरी पॅकिंग घेऊन सांगलीला ये, सबकल्चर देतो. एसटीतून नुसती प्लेट घेऊन जाऊ नको. निरोप टाकलाय.

फक्त_वाचक
पहिल्यांदा लिहितोय. ताई, रेडिमेड ब्लड अगरवर स्टॅफच्या आसपास काही बारीक दिसलं होतं का कधी?

थुंकीवाली_कोल्हापूर
हो दिसलं होतं!! १४ नंबरला. त्या दिवशी लेक्चर रद्द झालं म्हणून लगेच लावलं होतं, फ्रिजला गेलंच नव्हतं. स्टॅफच्या कॉलनीभोवती दवबिंदूसारखे अगदी बारीक ठिपके होते, लांब काहीच नव्हतं. मला वाटलं कंटॅमिनेशन. फोटो आहे, चिकटवतो.

फक्त_वाचक
सॅटेलिटिझम. स्टॅफ एनएडी बाहेर सोडतो, मेंढीच्या रक्तात हिमिन असतंच, म्हणून हिमोफिलस फक्त त्याच्या ओट्यावर पाहुण्यासारखा बसतो.

मायक्रो_एमडी_सांगली
फोटो बघितला. पक्कं काही म्हणता येणार नाही, याचा भाऊ हिमोफिलस पॅराइन्फ्लुएन्झीही असंच दिसू शकतो, एक्स, व्ही आणि एक्सव्ही फॅक्टरच्या डिस्क लावायला पाहिजे होत्या. पण शक्यता दाट आहे. ती प्लेट कुठाय?

थुंकीवाली_कोल्हापूर
ऑटोक्लेव्ह करून टाकली. 😭 सहा आठवडे मी याला शोधतोय आणि हा माझ्या हातात होता आणि मी त्याला शिजवला.

पेठेतला_काका
मी म्हणालो होतो पीसीआर करा.

जुना_लॅबवाला
रडू नकोस पोरी. आम्ही सगळ्यांनी एकदा तरी टाकलेत असे. १४ नंबरचा पेशंट परत कधी येणार आहे?

थुंकीवाली_कोल्हापूर
गुरुवारी फॉलोअपला. पण आता त्यांना अँटिबायोटिक चालू असणार.

मायक्रो_एमडी_सांगली
असेल तर त्याचं लावू नको, औषध चालू नसलेले नवीन पेशंट घे. आणि आला तरी लक्षात ठेव, बिनकवचाचा हा धडधाकट माणसांच्या घशातही राहतो. थुंकीत सापडला म्हणजे त्यानंच आजार केला असं प्रेझेंटेशनमध्ये ठोकून देऊ नको, पहिला प्रश्न मीच विचारेन असा असतो.

थुंकीवाली_कोल्हापूर (शनिवार)
अपडेट. सांगलीहून स्ट्रेन आणला. नवीन चॉकलेट अगर ७८ डिग्रीला केलं, मेंढीचं विकतचं रक्त, बरणीत मेणबत्ती (एमडी सर सॉरी). आज सकाळी कंट्रोल आला. राखाडी, गुळगुळीत, थोड्या पारदर्शक कॉलन्या. जुन्या प्लेटवर तोच स्ट्रेन लावला होता, तिथं काहीच नाही. म्हणजे गाईडना आता दोन प्लेट शेजारी ठेवून दाखवतो. आणि पुस्तकात लिहिलंय ते खरं आहे, उंदरासारखा वास येतो.

मायक्रो_एमडी_सांगली
अभिनंदन. वास कशाला घेतलास पण?

जुना_लॅबवाला
मेणबत्ती जिंकली.

थुंकीवाली_कोल्हापूर
झाकण उघडलं की आपोआप आला हो सर. आता नाही घेत.

रंकाळ्याचा_पक्या
विकतच्या बाटलीतलं रक्त उरलं असेल तर सांगा.

थुंकीवाली_कोल्हापूर
पक्या दादा ते खायचं नाही!