निकाल शंभर टक्के, पण चित्रकलेचं काय?

ताई, तुमची पोरगी चित्रात रमते आणि जुळे सोलापुरातली ती शाळा निकालासाठी फेमस, म्हणून आठवीला घालू का असं विचारलंय तुम्ही. माझा मुलगा अशाच एका नावाजलेल्या शाळेत होता (नाव नको, गाव लहान आहे). चित्रकलेचा तास टाइमटेबलवर छापलेला, पण प्रत्यक्षात गणिताच्या सरांनी गिळला, वही अजून घरात पडून आहे, पहिल्या पानावर अर्धी फुलदाणी आणि पुढं सगळी कोरी. तेव्हा ॲडमिशनच्या आधी एवढं विचाराच बघा, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांना किती पोरं बसवता, तयारी कोण घेतं, कलाशिक्षक आहेत का दुसऱ्याच विषयाचे सर वेळ मारून नेतात. इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला दहावीत ७ मार्क वाढीव मिळतात, बी ला ५, सी ला ३, त्यामुळं मार्कांचंच बोलणारे हेडसरपण जरा कान देतात. गॅदरिंग हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात झोकात होतं म्हणून भुलू नका, ते नाच बाहेरचा माणूस येऊन आठ दिवसात बसवून जातो. आणि चित्रकलेची खोली उघडून दाखवा म्हणा की, आमच्या शाळेतपण होती, आत मोडके बाक रचलेले.