बापूजी अण्यांचे कागद दिल्लीतच का राहावेत?

वणीकर मास्तर:
लोकनायक बापूजी अणे आमच्या वणीचे, जन्म १८८०. १९३० साली पुसद भागात जंगल सत्याग्रह केला, १९४३ साली गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला, पुढे बिहारचे राज्यपाल झाले. राजकारणातला हा माणूस उतारवयात इतिहासाकडे वळला आणि टिळकांचं चरित्र संस्कृत श्लोकांत लिहून गेला. त्या चरित्राला १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा ते हयात नव्हते. त्यांची खाजगी कागदपत्रं दिल्लीला तीन मूर्ती भवनात, तिथल्या संग्रहालयाच्या ग्रंथालयात आहेत. माझी मागणी एवढीच, की प्रत्येक कागदाचं स्कॅन यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या वाचनालयात असावं. आमची मुलं त्यांचं नाव पाटीवर वाचतात, त्यांचं हस्ताक्षर कोणी पाहिलेलं नाही.

दप्तरवाला, नागपूर:
मास्तर, भावना समजते, पण मी विरोधात आहे. त्याच भवनात हिंदू महासभेचे नेते डॉ. मुंजे यांचेही कागद आहेत. एकाने पाठवलेलं पत्र आणि दुसऱ्याने ठेवलेला मसुदा शेजारी ठेवून वाचता येणं ही संशोधकासाठी मोठी सोय आहे. टिळकांचे अमरावतीचे सहकारी दादासाहेब खापर्डे यांच्या डायऱ्याही दिल्लीतच, राष्ट्रीय अभिलेखागारात. आपल्या तालुक्याच्या वाचनालयांत काय आहे? एक ग्रंथपाल, अपुरं अनुदान, पावसाळ्यात गळणारं छप्पर आणि वाळवी.

पैनगंगाकाठ:
भाऊ, आमी अस्सल कागद मांगतच नाई, मास्तर स्कॅन म्हनून रायले. स्कॅनले वाळवी लागते काय? खेड्यातल्या पोराले पीएचडी करायची असन तं दोन महिने दिल्लीत खोली करून रायनं परवडते काय? इथून नागपूर, अन् नागपूरहून पुढं हजार किलोमीटरच्या वर. मंग बाहेरचे लोकं आमच्या मानसावर लिवतात अन् आमी नुसते वाचतो. अजून एक सांगतो. सत्याग्रहात गावोगावचे लोकं होते. एखाद्या चिठ्ठीत नुसतं आडनाव अन् गाव असन, तं तो कोनाचा आजा हे वळखनारा मानूस इथंच भेटन.

दप्तरवाला, नागपूर:
ओळखणाऱ्या माणसाचा मुद्दा वजनाचा आहे. पण सगळं स्कॅन करून खुलं करण्याला माझा विरोध कायम. बापूजी १९५९ ते १९६७ नागपूरचे खासदार होते. खासदाराला लोक काय काय लिहितात, हे ज्यांच्या घरात राजकारण आहे त्यांना विचारा: भाऊबंदकी, कर्ज, मोडलेलं लग्न. लिहिणारे गेले असतील, त्यांची मुलं आहेत. त्यांची संमती कोण घेणार?

इतिहासाची विद्यार्थिनी:
मला वेगळं म्हणायचंय. टिळकांचा निष्ठावान अनुयायी टिळकांचं चरित्र लिहितो, तेव्हा त्याने कोणती पत्रं, कोणत्या आठवणी घेतल्या आणि काय गाळलं, हे तपासायला त्याचे कागद सलग लागतात. निवडक स्कॅन इथे आणले, तर निवडणाऱ्याचे बापूजी आपल्याला मिळतील. आणायचे तर सगळे आणा, नाहीतर राहू द्या. आणि दप्तरवाला सर, छपराचं म्हणाल तर संशोधक य. खु. देशपांड्यांनी यवतमाळात शारदाश्रम ही संशोधन संस्था उभी केली आणि महानुभावांच्या पोथ्या जमवल्या, त्या कुठल्या वातानुकूलित इमारतीच्या भरवशावर नव्हत्या.

वणीकर मास्तर:
ताई, सगळे हवेत हे मान्य. पण त्यासाठी अडून बसलो तर हाती काहीच लागणार नाही. १९४७ पर्यंतचे कागद आधी मागू. जंगल सत्याग्रह, कार्यकारी मंडळ, राजीनामा, सगळं त्यात येतं. खासदारकीची पत्रं सध्या बंद राहू द्या.

दप्तरवाला, नागपूर:
कागदावर हे सोपं दिसतं. खाजगी पत्रव्यवहार पुष्कळदा सालवार लावत नाहीत, पत्र लिहिणाऱ्याच्या नावाने लावतात. एकाच फाइलीत १९३२ चं पत्र आणि १९६२ चं पत्र निघू शकतं. रेघ ओढणार कुठे?

पैनगंगाकाठ:
फाइलीतलं एकेक पान पाहून ओढा. काम लय आहे म्हनून करूच नोका, असं कसं? पयले सूचीची नक्कल तं मांगा, सूचीत कोनाची लाज जात नाई. मास्तर, अर्ज तुमी लिवा. सह्या मी गावागावातून आनतो.