प्रार्थनेने काळजी जाते, की आपण ती केवळ दडपतो?

नगरची लेक

माझ्या यजमानांचे डायलिसिस गेली दोन वर्षे आठवड्यातून तीन वेळा चालू आहे. सुरुवातीच्या काही महिन्यांत मी रोज पहाटे तीनच्या सुमारास दचकून जागी होत असे आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीवरच्या दिनदर्शिकेपुढे उभी राहत असे, कारण तिच्या प्रत्येक चौकटीत मी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडांच्या रक्ततपासणीतला आकडा आणि त्याखाली कुणाकुणाचे किती पैसे द्यायचे ते लिहून ठेवलेले असे. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वयस्कर बाईंनी मला बायबलमधला, प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रातला चौथा अध्याय पुन्हा वाचायला सांगितले. कशाचीही चिंता न करता प्रार्थना, विनंती आणि आभारप्रदर्शन यांसह आपले मागणे देवाला कळवावे, म्हणजे बुद्धीच्या पलीकडची त्याची शांती आपली अंतःकरणे राखील, असे पौल तेथे म्हणतो आणि तेही बंदिवासातून म्हणतो.

मागणे मला जमत होते, आभार मात्र जमत नव्हते. पहिल्या रात्री फार विचार करून मी एवढेच म्हणू शकले की प्रभू, आज दवाखान्यातून परतताना एसटीत यांना बसायला जागा मिळाली, त्याबद्दल तुझे आभार. आकडा सुधारला नाही, देणेही फिटले नाही. परंतु त्या रात्री मी झोपले. तेव्हापासून माझे ठाम मत आहे की ख्रिस्तावर भार टाकून केलेली प्रार्थना काळजीवरचा खरा उपाय आहे. आपणा सर्वांचे मत वाचायला आवडेल.

मोठा भाऊ

ताई, आपल्याला मिळालेल्या शांतीबद्दल मनापासून आनंद आहे, पण आपल्या शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. माझ्या धाकट्या बहिणीला चिंतेचा आजार आहे. छातीत धडधड, हाताला घाम, जिना उतरतानाही भिंतीचा आधार, अशी तिची अवस्था होती. ती ज्या मंडळीत जात असे तिथे तिला हेच वचन दर रविवारी ऐकवले गेले, आणि तरीही आजार हटेना तेव्हा तिचा विश्वास कमी पडतो असे सांगण्यात आले. परिणामी तिने गोळ्या परस्पर बंद केल्या आणि पुढचे चार महिने आमच्या घराने जे भोगले ते मी येथे लिहू इच्छित नाही. पूर्वी तिला फक्त काळजी होती. नंतर आपण काळजी करतो हे पाप आहे, ही दुसरी काळजी तिच्या मानगुटीवर बसली. जे वचन एकाला झोप देते आणि दुसऱ्याला अपराधी ठरवते, त्याला उपाय म्हणताना आपण शंभर वेळा विचार केला पाहिजे.

शंकानिरसन

मी श्रद्धाळू नाही, तरीही आदरपूर्वक विचारतो. मनातली भीती शब्दांत मांडणे, श्वास संथ करणे, दिवसातली एक चांगली गोष्ट आठवणे यांनी कुणालाही बरे वाटू शकते. ताईंनी नेमके हेच केले. मग त्यात ख्रिस्त आवश्यक का ठरतो?

नगरची लेक

मी एकटीने वहीत पुष्कळ लिहून पाहिले होते, दादा. वही वाचणारी मीच होते, म्हणून वाचून झाल्यावर पहाटे तीन वाजता पुन्हा मी एकटीच उरत असे. प्रार्थनेत ऐकणारा कुणी आहे, तो ख्रिस्त स्वतः मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत व्याकूळ झाला होता आणि दुःखाचा हा प्याला टळो अशी विनवणी त्याने त्याच शब्दांत पुनःपुन्हा केली होती, हे मला ठाऊक असते. हा फरक मला तंत्राचा वाटत नाही, नात्याचा वाटतो.

निवृत्त पाळक

मोठ्या भावाने जे लिहिले ते वाचून मला लाज वाटली, कारण तरुणपणी व्यासपीठावरून मीही असेच बोललो आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

फिलिप्पैच्या पत्रात ज्या ग्रीक क्रियापदाने पौल चिंता करू नका असे सांगतो, त्याच क्रियापदाने तो दोन अध्याय आधी आपला सहकारी तीमथ्य याची स्तुती करतो, कारण तीमथ्य त्या लोकांची मनापासून काळजी करील. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आपले हाल सांगताना, सर्व मंडळ्यांची चिंता आपल्याला रोज जाचते असेही तो कबूल करतो, आणि तेथे त्याच धातूपासून झालेले नाम आहे. म्हणजे ज्याने ही आज्ञा दिली त्याच्याच मनात काळजी होती आणि तिला त्याने अविश्वास म्हटले नाही. मराठीला ही गाठ उपजतच कळते. आपण काळजी करतो आणि काळजी घेतोही. शब्द एकच, पण पहिली आपल्याला आतून कुरतडते आणि दुसरी आपल्याला आजाऱ्याच्या उशाशी बसवते. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर आपली चिंता देवावर टाकण्याचे कारणच असे दिले आहे की तो आपली काळजी घेतो.

राखील हे ज्याचे भाषांतर आहे त्या ग्रीक शब्दाचा अर्थही पहारा देणे असा आहे. फिलिप्पै ही रोमी वसाहत असल्याने तिथल्या लोकांना शिपायांचा पहारा परिचित होता. पहारेकरी असतो तिथे धोका दाराबाहेर असतोच, म्हणून काळजी उरली म्हणजे शांती मिळाली नाही असा अर्थ कुणी काढू नये. आणि गोळी ही विश्वासाची उणीव मुळीच नव्हे. केडगावच्या पंडिता रमाबाईंपेक्षा अधिक प्रार्थना करणारी व्यक्ती आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत शोधून सापडायची नाही, पण 1896-97 च्या दुष्काळात त्या केवळ गुडघे टेकून राहिल्या नाहीत; मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली आणि विधवा आणल्या, त्यांच्या अन्नवस्त्राची सोय केली आणि त्यांना कामे शिकवली.

वसईची आजी

आमच्याकडे संध्याकाळी सगळे घर मिळून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणते. माझा मुलगा गेला त्या वर्षी माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, तेव्हा मणी माझ्या हातात असत आणि प्रार्थना सुना-नातवंडे म्हणत. विश्वास कमी पडला तर तो दुसऱ्याने उचलायचा असतो, भाऊ. तुमच्या बहिणीला एकटीला तोलायला लावले, तिथेच चुकले.

मोठा भाऊ

पाळकसाहेब, आजी, आपण जे लिहिले ते मी दोनदा वाचले. माझा आक्षेप पूर्ण मिटलेला नाही, कारण असा अर्थ सांगणारे थोडे आहेत आणि आजाऱ्याच्या दारात पोहोचणारे बहुधा दुसरेच असतात. शांती मिळाली नाही तर दोष प्रार्थना करणाऱ्याचा नाही, हे वाक्य प्रार्थना सुरू होण्यापूर्वीच मोठ्याने उच्चारले गेले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

निवृत्त पाळक

मान्य आहे. आपल्या बहिणीला बायबलमधले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र दाखवा. त्यात शेवटपर्यंत सांत्वन येत नाही, ते अंधारातच संपते, आणि तरीही ती प्रार्थना म्हणूनच पवित्र शास्त्रात राखली गेली आहे.

मोठा भाऊ

दाखवीन. तिच्या गोळ्या आता पुन्हा सुरू आहेत आणि रात्री नऊला त्या मीच तिच्या हातावर ठेवतो, तेव्हाच वाचून दाखवीन. त्या मंडळीत ती परत जाईल असे मला वाटत नाही आणि मी तिला तसे सांगणारही नाही.

नगरची लेक

तिचे नाव मला नको, भाऊ. पहाटे तीनला मी अजूनही बहुतेक उठतेच. उद्यापासून नगरची एक बाई तिच्यासाठी मागणे करते आहे आणि त्या बदल्यात तिने काहीही वाटून घ्यायचे नाही, एवढेच तिला सांगा.