ब्रुकलिन पुलाच्या केबलींना पीळ का नाही?

प्रश्न (यंत्रमागधारक, सोलापूर):
न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाविषयी वाचताना मी एका ठिकाणी अडलो आहे. 1883 साली खुल्या झालेल्या या झुलत्या पुलाचा मधला गाळा सुमारे 486 मीटरचा असून त्याच्या चार मुख्य केबलींपैकी प्रत्येकीत 5,434 पोलादी तारा आहेत. मात्र त्या तारा नुसत्या समांतर ठेवलेल्या आहेत, त्यांना पीळ नाही. आमच्या घरात तीन पिढ्या चादरी विणल्या जात आहेत. सुताचा पीळ उलगडून ते ओढले, तर चिमटीतच सुटून येते, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. मग पिळाशिवाय एवढा भार पेलला कसा जातो? जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर (निवृत्त स्थापत्य अभियंता):
आपल्या प्रश्नाचे उत्तर तंतूच्या लांबीत आहे. कापसाचा तंतू जेमतेम इंच-सव्वा इंचाचा असतो. पिळामुळे असे तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि त्या घर्षणामुळेच सूत टिकते. पुलाची तार मात्र, वेटोळे संपेल तिथे पुढचे जोडत, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग जाते, त्यामुळे ती निसटण्याचा प्रश्नच उरत नाही. उलट पीळ दिला तर तारा तिरक्या होऊन त्यांची थोडी ताकद वाया जाते आणि भार येताच पीळ आवळला जाऊन दोर लांबतो. पुलाचे मूळ रचनाकार जॉन रोब्लिंग स्वतः पिळाच्या तारदोरांचे कारखानदार होते, तरीही मुख्य केबलींसाठी त्यांनी समांतर ताराच निवडल्या, हे मला फार महत्त्वाचे वाटते. 1869 साली त्यांचे निधन झाल्यावर पुत्र वॉशिंग्टन यांनी काम पुढे नेले.

या केबली कारखान्यातून तयार होऊन आल्या नाहीत. तारेचा फेरा घेतलेले चाक नदीवरून, मनोऱ्यांच्या माथ्यावरून पलीकडे जाई आणि तारा जागेवरच एकेक करून अंथरल्या जात. अशा तारांच्या 19 जुड्या एकत्र आवळून त्यांवर बाहेरून तार गुंडाळली, की एक केबल पुरी होई.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे, सर. म्हणजे हा आमचा ताणाच, मागावरच्या उभ्या धाग्यांचा संचच झाला! ताण्यात एक धागा ढिला राहिला, की त्याच्या वाट्याची ओढ शेजारच्या धाग्यांवर येते आणि तेच आधी तुटतात. तिथे सर्व तारांची ओढ सारखी कशी राखत असत?

उत्तर (निवृत्त स्थापत्य अभियंता):
आधी एक मार्गदर्शक तार नेमक्या झोळाला लावून ठेवत आणि पुढची प्रत्येक तार तिच्याशी जुळवून घेत. उन्हाने तार लांबते, म्हणून अशा कामात शेवटची जुळणी तापमान सगळीकडे सारखे असताना करावी लागते.

आणखी एक उत्तर (तंत्रनिकेतनातील अध्यापक):
यात एक गंभीर प्रकार घडला होता, तो नोंदवणे मला आवश्यक वाटते. तारेचा कंत्राटदार जे. लॉइड हेग याने तपासणीत उतरलेली तार वाटेतच बदलून नाकारलेली तार पुलावर पाठवली. 1878 साली हे उघडकीस आले, तोवर ती तार केबलींत बसून गेली होती आणि काढणे शक्य नव्हते. परंतु रोब्लिंग यांनी आवश्यकतेच्या सहापट ताकद धरून रचना केली होती. निकृष्ट तार धरूनही पुरेशी ताकद उरते, असा वॉशिंग्टन यांचा हिशेब होता. तरीही त्यांनी प्रत्येक केबलीत सुमारे 150 जादा तारा घालण्यास लावल्या. आपण लिहिलेल्या 5,434 या आकड्यात त्या जादा ताराही आहेत.