चतुर्थीतही काही वाटलं नाही. इंटर्नने केसपेपर कुठे काढावा?

वेंगुर्ल्याची_इंटर्न
कोकणातल्याच एका मेडिकल कॉलेजात इंटर्नशिप चालू आहे. भर पावसात मेडिसिनची पोस्टिंग लागली. लेप्टोचे ताप, फुरसं चावलेले पेशंट, एकामागून एक. रात्रभर सॅम्पल काढा, ब्लड बँकेत पळा, गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात हलवायचे कागद लिहा. कामाला मी घाबरत नाही. पण गेले काही आठवडे ड्युटी संपवून रूमवर आले तरी डोळ्याला डोळा लागत नाही, जेवणावर वासना नाही. चतुर्थीला एक दिवस घरी गेले. आरत्या चालू, भावंडं फुगड्या घालतायत आणि मला काही म्हणजे काही वाटेना. आईने नजर काढली, रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं.

आमच्याच हॉस्पिटलात मानसोपचार ओपीडी आहे, पण केसपेपरच्या खिडकीपासून ब्रदरपर्यंत सगळे ओळखीचे. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नुसतं नाव काढलं तरी गावात लोक हसतात. रूममेट म्हणते, झोपेची अर्धी गोळी घेत जा, सगळेच घेतात. काय करू?

जुना_सर्जन
आम्ही सलग 36 तास उभे असायचो. सवय होते.

राजापूरकर
सर, सवय झाली नाही ते मधेच घरी गेले, म्हणून तुम्हाला दिसले नाहीत. रेसिडेंटना सलग 12 तासांपेक्षा जास्त ड्युटी शक्यतो नको, हे केंद्राच्या 1992 च्या रेसिडेन्सी योजनेतच लिहिलंय. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या टास्क फोर्सने आठवड्याला 74 तास आणि एक सुट्टी असं सुचवलं. कागद भरपूर आहेत हो. ड्युटी लिस्ट लावणारा ते वाचत नाही, एवढंच!

सायकियाट्री_रेसिडेंट
वेंगुर्ल्याची, दोन सुट्ट्या भरपूर झोपून माणूस ताजातवाना झाला तर तो थकवा. दोन आठवड्यांच्या वर मन उदास, कशात रस नाही, झोप आणि भूक गेलेली, तर तपासून घ्यायलाच हवं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही करून घे. अर्ध्या गोळीच्या नादी लागू नकोस, तिची सवय लागते आणि मूळ दुखणं तसंच राहतं. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. चार दिवसांत सोडू नकोस.

गुप्ततेचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात, कलम 23 मध्ये आहे. पण खिडकीवरच्या माणसाला कलम कोण सांगणार, खरंय. मग सरळ बांबोळीला जा, तिथे मनोविकारांची वेगळी संस्थाच आहे. एक स्पष्ट विचारते: जगू नये असं वाटतं का?

वेंगुर्ल्याची_इंटर्न
कधी कधी वाटतं, सकाळी जागच येऊ नये.

सायकियाट्री_रेसिडेंट
हे लिहिलंस ते फार बरं केलंस. आज रात्री एकटी झोपू नकोस. मला लिहिलंस तेच रूममेटला वाचून दाखव. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, फुकट, रात्रीबेरात्री कधीही, मराठीत बोलतात. आत्ताच लाव. विचार वाढला तर कोण ओळखतं ते बघू नकोस, खाली कॅज्युअल्टीत जा.

राजापूरकर
गो बाय, आईक पण सांग. गाऱ्हाणा घातल्यान तर घालूदे, पण बांबोळीक तुझ्यावांगडा येऊदे.

वेंगुर्ल्याची_इंटर्न
रूममेटला वाचून दाखवलं. ती फोन लावतेय. बुधवारी ऑफ आहे, आईला सावंतवाडी स्टँडवर बोलावते.