अंधारावर गावाचं पोट भरेल का?

रानवाट:
पौष अमावास्येला पेंचला जाऊन आलो. जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्राच्या बाजूचा पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (तारे दिसावेत म्हणून रात्रीचा अंधार जपणारं रान) ठरला. सिल्लारी, वाघोली, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड असलेले लावलेत. आमच्या रिसॉर्टवर दुर्बीण लावणाऱ्या पोराने आधी सगळ्यांचे मोबाइल खिशात घालायला लावले आणि डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं नुसतं उभं केलं. मग वर पाहिलं. मृग डोक्यावर, खाली व्याध, आणि कृत्तिका मोजता मोजता मी दोनदा चुकलो.
वाघ दिसला नाही की पाहुणा चिडतो. तारे निदान ठरल्या वेळी उगवतात. पाहुण्यांना तारे दाखवणं हा गावांसाठी टिकाऊ धंदा आहे असं माझं ठाम मत झालंय. झाडं तोडायला नकोत, जमीन खणायला नको.

कोरडवाहू:
हिशेब करू. पावसाळ्याचे चार महिने गेले. उरलेल्या आठांत चंद्राचा उजेड नसलेल्या रात्री महिन्याला दहा धरा. म्हणजे ऐंशी. त्यातून ढग वजा. खोलीचं भाडं शहरातल्या मालकाला, गावाला चादरी धुणं.
आणि अंधाराचं कौतुक दोन दिवसांच्या पाहुण्याला. आमच्या गल्लीतला खांब महिनाभर बंद होता, तेव्हा काकूला अंगणात मण्यार चावली. वेळेत दवाखाना गाठला म्हणून वाचली. तिला सांगा तुमचा व्याध.

रानवाट:
काकूंचं वाचून वाईट वाटलं. पण दिवा काढा असं कुणीच म्हणत नाहीये. त्याला टोपी घाला, पिवळसर ठेवा (उजेडाच्या रंगाचं माप 3000 केल्विनच्या आत), म्हणजे उजेड आभाळाऐवजी पायाखाली पडतो. मण्यार उलट लवकर दिसेल.

घाटवाट:
दिव्यांचं पटलं, गर्दीचं काय? भंडारदऱ्याचे काजवे आठवा. मे संपता संपता गाड्यांची रांग, हेडलाइट चालू, पोरं झाडाखाली टॉर्च मारतायत. काजव्यांच्या अळ्या जमिनीवर असतात, त्या पायाखाली. शेवटी वनविभागाला वेळेचं बंधन घालावं लागलं. तारे तुडवले जात नाहीत हे खरं. त्यांच्याखालचं रान तुडवलं जातंच.

माईंचीनात:
लडाखच्या हानलेचं उदाहरण घ्या. तिथे 2022 मध्ये डार्क स्काय रिझर्व्ह झालं, आणि वेधशाळेच्या शास्त्रज्ञांनी आसपासच्या गावांतल्याच लोकांना शिकवून दुर्बिणी दिल्या. त्यात बायका जास्त. पाहुणा त्यांच्याच घरी उतरतो, आभाळ त्याच दाखवतात.
आपल्याकडे काय कमी आहे? माझी आजी सप्तर्षींना बाज म्हणायची: चार पाय म्हातारीच्या बाजेचे, मागचे तीन चोर. अवांतर झालं, पण हे सांगायला पदवी लागत नाही.

कोरडवाहू:
माई, हे असं असेल तर माझा विरोध निम्मा झाला. रानवाट, एवढंच सांगा: तुमचा तो दुर्बीणवाला पोरगा कुठला होता?

रानवाट:
नागपूरचा. दहाच्या सुमारास ईशान्येला बाज वर आली, चोर अजून झाडांआड होते. त्याने इंग्रजी नाव सांगितलं.
गावातली पोरंही होती तिथे. गाड्या लावून घेत होती.