मदत हवी आहे: दोन मुलं, दोन तऱ्हा. गणिताचा अभ्यासक्रम एकाचाच बदलावा का?

नमस्कार. आम्ही सांगलीचे, मुलं घरीच शिकतात. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा साडेआठचा. आतापर्यंत दोघांनाही बालभारतीचंच गणित.

मुलीचं झरझर होतं, तिला आता एनसीईआरटीची सहावीची पुस्तकं द्यायचीत. तिची काळजी नाही.

अडलंय मुलापाशी. डिसकॅल्क्युलिया (अंक आणि गणित समजायला येणारी अडचण) आहे, तपासणी झालीय. बासष्ट म्हटलं की 26 लिहायचा. 2019 च्या दुसरीच्या पुस्तकातलं 'साठ दोन' वापरल्यापासून ते बरंच सुटलं (तेव्हा त्यावर केवढा गदारोळ झाला होता!). पण 52 − 27 दिलं की उत्तर 35, कारण दोनातून सात जात नाहीत म्हणून तो सातातूनच दोन काढतो. काड्यांच्या दहाच्या जुड्या सुट्या करून केलं तर बरोबर 25 येतं. वहीवर आला की पुन्हा तेच. जास्त सराव देऊन पाहिला, नुसती रडारड. पाढे सध्या बंदच ठेवलेत.

आता त्याला सिंगापूर पद्धतीवर न्यायचा विचार आहे: आधी वस्तू, मग चित्र, मग अंक. पण ती पुस्तकं इंग्रजीत, आमचं सगळं मराठीत. पुढे एनआयओएसमधूनच (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) परीक्षा द्यायची आहे, त्यामुळे बोर्डाची घाई नाही. मोबाइल ॲप नको, आणि 'शाळेत घाला' हा सल्लाही कृपया नको.

ज्यांनी असं मध्येच बदललंय त्यांना विचारायचंय: अगदी पहिल्या पातळीपासून सुरू केलंत, की फक्त दशक-एकक आणि हातच्याची वजाबाकी नव्या पद्धतीनं करून बाकी बालभारतीच ठेवलंत?